गाडीला गरम पाणी वाढणारे साडभाऊ

वर्धा जिल्ह्यात हिवाळा खऱ्या अर्थानं कुठे पडत असेल, तर तो अल्लीपुरात आमच्या साडभाऊंच्या अंगणात. बाकीच्या जिल्ह्याला नुसती थंडी वाजते. पारा नऊ-दहावर आला की आम्ही सामान्य माणसं पेटीतून स्वेटर काढतो, कानाला मफलर गुंडाळतो, शेकोटीपाशी चार गप्पा हाणतो आणि आपापल्या कामाला लागतो. संक्रांत झाली की स्वेटर परत पेटीत, आणि पुढचे चार महिने उन्हात भाजून निघायला आम्ही मोकळे. साडभाऊंचं तसं नाही. त्यांच्या मते थंडी माणसाला वाजतच नाही, ती गाडीला वाजते. माणूस कुडकुडतो, बोंबलतो, गोधडी मागतो. गाडी बिचारी मुकी, तिचं कोण पाहणार? म्हणून दिवाळी सरली की हा माणूस बायको-मुलं, कापूस-तूर सगळं बाजूला सारून आपल्या जीपच्या सेवेला लागतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. वय सहासष्ट, उंची बेताची, कानटोपी नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोक्याला चिकटलेली. तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं ते फौजेत होते, त्यातली बरीच लडाखच्या बर्फात. ते गावी परतले त्याला तीस वर्षं झाली, पण बर्फ काही त्यांनी तिकडे सोडला नाही, सोबत घेऊन आले. अख्खं गाव त्यांना 'डायवर' म्हणतं. आणि मी? मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पाणी शून्य अंशाला गोठतं हे पोरांकडून घोकून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि शाळेपासून शंभर पावलांवर माझाच साडभाऊ ते नऊ अंशाला गोठेल म्हणून धास्तावून बसलेला. वर्गात माझी काय शोभा होत असेल, तुम्हीच विचार करा.

त्यांच्या जीपचा हिवाळी दिनक्रम ऐका. संध्याकाळी दिवे लागले की ते जीपखाली शिरतात, रेडिएटरची तोटी सोडतात आणि सगळं पाणी काढून टाकतात. का, तर ते गोठेल, गोठलं की फुगेल, फुगलं की इंजिनाला तडा जाईल. शास्त्र अगदी बरोबर आहे, फक्त ते अल्लीपूरचं नाही. सकाळी उजाडायच्या सुमारास तीन दगडांच्या चुलीवर जर्मनचा भलामोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, चढतो. पाणी तापलं की साडभाऊ त्यात कोपर बुडवून पाहतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसं. मग बॉनेट उघडून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं ते पाणी रेडिएटरमध्ये घालतात. हो, ओगराळ्यानं! साऱ्या दुनियेत लोक बादली लावतात, फार झालं तर तेलाचा रिकामा डबा. हे एकेक ओगराळं भरणार, थेंब न सांडता ओतणार, दर खेपेला काठावर टक्क करून ठोकणार, आणि 'पाणी टाकलं' असं चुकूनही न म्हणता 'पाणी वाढलं' म्हणणार. घरात कोणाला जीप हवी असली की पहिला प्रश्न, "गाडीले वाढलं काय?" एकदा त्यांचा मुलगा घाईत न विचारता जीप घेऊन हिंगणघाटला निघाला. रेडिएटर कोरडा ठणठणीत. अर्ध्या रस्त्यात इंजिननं धूर सोडला आणि जीव सोडला. कोणीही म्हणेल की चूक पाणी काढून ठेवणाऱ्याची. साडभाऊंनी मात्र मुलालाच आठ दिवस सुनावलं की उपाशी लेकरू कोणी शाळेत धाडतं काय.

हँडब्रेक हा शब्द त्यांच्यासमोर हिवाळ्यात उच्चारायचा नाही. थंडीत ब्रेक ओढून ठेवला की तो आतल्या आत गोठून चिकटतो आणि सकाळी चाक फिरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा. एका जानेवारीत दगड लावायचा राहिला, गिअरही नीट पडला नव्हता. त्यांच्या अंगणाला उतार आहे, आणि उताराच्या टोकाला ओसरीत त्या वर्षीचा सगळा कापूस रचलेला होता. जीप पहाटे आपली आपण निघाली आणि डुलत डुलत कापसात शिरली ती दिव्यांपर्यंत. घरात बोंबाबोंब झाली. साडभाऊ शांतपणे ओसरीत आले, त्या पांढऱ्या ढिगात रुतलेल्या जीपकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की बर्फातही गाडी अश्शीच थांबते. कापूस वेचणाऱ्या बायांनी पुढचे दोन दिवस ऑइल लागलेला कापूस वेगळा काढण्यात घालवले, पण साडभाऊंच्या तोंडावर काय तो आनंद!

आणखी किती सांगू? वायपर काचेला चिकटू नये म्हणून ते रात्री उभे करून ठेवतात. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती व्यवहारी बाई आहे. तिनं त्या दोन काठ्यांवर नातवाचे मोजे वाळत घालायला सुरुवात केली. एका हिवाळ्यात यांनी म्हशीची साखळी मागच्या चाकाला गुंडाळली, घसरू नये म्हणून. डांबरी रस्त्यावर त्या साखळीनं असा खणखणाट केला की लोकांना वाटलं कोणाची तरी जनावरं सुटली. पुढच्या वर्षी डिझेल पातळ करायला म्हणून जीपच्या पोटाखाली पेटती गोरसी सरकवली. घरातल्या गोरसीवर माणसं हात शेकतात, हे डिझेलची टाकी शेकायला निघाले. अक्कानं त्या दिवशी अर्धी बादली गोरसीवर रिकामी केली, उरलेली यांच्यावर, आणि तो प्रयोग तिथंच आटोपला. माझी स्वतःची एक जुनी छोटी मोटार आहे. तिचा रेडिएटर जरा गळका आहे, हे यांना कुठूनसं कळलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात गंज आणि ओगराळं घेऊन हा माणूस माझ्या दारात उभा. "सर, दोन ओगराळे वाढू काय?" मी दहा वर्षं त्यांना बॉनेटला बोट लावू दिलं नाही. माणसानं कुठंतरी ठाम राहावं लागतं.

आता खरं सांगतो, माझा राग गरम पाण्यावर नव्हताच. राग होता तो त्या चाळीस गाड्यांवर. पानटपरीवर चार लोक जमले आणि लडाखचा विषय निघाला की साडभाऊ एकच वाक्य बोलत, "रोज सकाळी चाळीस गाड्या चालू करत होतो मी." बस्स. पुढे काही नाही. कोणत्या घाटातून नेल्या, बर्फ किती फूट, दरी किती खोल, एकदा तरी गाडी घसरली की नाही, काही विचारा, हा गडी मफलर सारखा करतो आणि तुरीच्या शेंगा कशा भरल्या ते सांगायला लागतो. अरे, एक माणूस रोज चाळीस गाड्या चालवतो? त्याला काय रावणासारखे वीस हात आहेत? आणि हाताचंच म्हणाल तर उजवा हात सदा खिशात, नाहीतर लोकरी मोज्यात. मला खात्री होती की हा माणूस शुद्ध थापा मारतो आणि सारं गाव माना डोलावतं. शिक्षकी पेशात तीस वर्षं काढली की न वाचता पेपर लिहिणारा पोरगा लांबून ओळखू येतो.

अशात गेल्या जानेवारीत आमच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की रस्ता सुरक्षा सप्ताहात गावातल्या अनुभवी चालकाचा सत्कार करावा. अनुभवी चालक कोण? अर्थात डायवर साहेब, ज्यांनी बर्फात फौजेच्या गाड्या हाकल्या! आणि त्यांचा परिचय कोण लिहिणार, वाचणार? नातलग म्हणून मी. मी त्याच दिवशी टपरीवर जाहीर करून टाकलं की परिचयात खात्री केल्याशिवाय एक शब्द लिहिणार नाही, आणि खोटं निघालं तर तेही व्यासपीठावरून सांगीन. लोकांना मजा वाटली. साडभाऊंच्या कानावर ते गेलं तेव्हा मात्र माणूस एकदम बसला. तीस वर्षं गावानं दिलेलं नाव, ते आता पोरासोरांसमोर उतरतं की राहतं असा प्रश्न उभा राहिला. त्यांनी दोनदा मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं की सत्कार दुसऱ्या कोणाचा करा, आपल्याच गावातला एसटीचा डायवर काय वाईट आहे. मला ते ऐकून अधिकच चेव आला.

आणि नशीब पाहा, त्याच आठवड्यात पंजाबातून एका सरदारजींचा फोन आला. साडभाऊंच्या तुकडीत असलेला जुना माणूस, पक्का ड्रायव्हर. घरच्यांसह मोटारीनं नांदेडला गुरुद्वाऱ्यात निघालेला, बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास हिंगणघाटजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर चहाला थांबणार, भेटायला ये म्हणाला. अक्कानं हे मला सहज सांगितलं आणि मी जागीच ठरवलं की आपणही जायचं. साडभाऊंनी काय काय कारणं दिली! आधी म्हणाले जीपची मागची सीट फाटली. मी म्हटलं पुढे बसतो. मग म्हणाले तुमची शाळा बुडते. मी म्हटलं रजा टाकली. शेवटी म्हणाले धुकं पडणार आहे. मी म्हटलं पडू द्या, तुम्ही तर बर्फातले. यावर ते जीपखाली शिरले.

धुकं पडलं आणि कसं पडलं! साडेसहाला आम्ही निघालो तेव्हा जीपच्या नाकापुढचं दिसेना. गाव ओलांडलं, आणि साडभाऊंनी गाडी थांबवून मला सांगितलं की आता तुम्ही उतरा, पांढरा दुपट्टा हातात धरा आणि समोर चाला, तिकडे असाच नियम आहे. मी वाद घातला. मी सांगितलं की धुक्यात पुढे चालणाऱ्या माणसाला समोरून येणारा उडवतो, हे विज्ञान नसून साधी अक्कल आहे. ते इंजिन बंद करून बसून राहिले. शेवटी उतरलो, करता काय? आणि या वयात, या हुद्द्याचा माणूस, हातात दुपट्टा फडकवत, वीस पावलं मागे गुरगुरणारी जीप घेऊन रस्त्याच्या कडेनं चालू लागलो. कापूस भरलेले ट्रॅक्टर बाजूनं जात होते, त्यावर बसलेली माणसं मला वाकून बघत होती. आमच्याच दहावीची दोन पोरं मोटारसायकलवर ट्यूशनला निघालेली, त्यांनी गाडी हळू केली, मागच्यानं अगदी आदरानं विचारलं, "सर, सोडून देऊ काय जी कुठं?" मी त्यांना नको रे, पुढे व्हा, एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर जीप आणि दुपट्ट्याचं चित्र होतं. चांगलं काढलं होतं.

पाऊण तासाच्या रस्त्याला आम्ही साडेतीन तास लावले. परत जीपमध्ये बसल्यावर मी तीनदा म्हणालो की आता धुकं फाटलं, जरा हाका, पण नाही. जिथं बिनदिक्कत चाळीसनं जाता आलं असतं तिथं हा माणूस बैलगाडीला मागे टाकायला तयार नाही. मी मनातल्या मनात म्हणालो की हाच का तो बर्फातला वाघ! तेव्हा मला नाही कळलं की त्यातलं निम्मंच धुकं होतं. आम्ही पोचेपर्यंत सरदारजी कंटाळून निघून गेलेले असावेत, अशी बाकीची निम्मी आशा होती. आणि तरीही दर दहा मिनिटांनी ते मला विचारत होते की नऊ वाजले काय हो सर. भेटायचंही होतं, चुकवायचंही होतं. काय अवस्था असेल त्या माणसाची!

सरदारजी गेले नव्हते. ढाब्याबाहेर बाजेवर बसलेले, पांढरी दाढी छातीवर, सुना-नातवंडं आजूबाजूला. जीप थांबली तशी ते उठले आणि हात पसरून मोठ्यानं म्हणाले, "ओए लांगरी! जिंदा है तू?" दोघं एकमेकांना जे भिडले ते सुटेनातच. साडभाऊंची कानटोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. मला लांगरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. वाटलं पंजाबीत जिवलग दोस्ताला म्हणत असतील. चहा आला. साडभाऊ दोन घोट घेतात न घेतात तो उठले, जीपला पाणी वाढतो म्हणाले आणि जीपमधला गंज घेऊन ढाब्याच्या भट्टीकडे गेले. मी संधी साधली. खिशातून वही काढली आणि सरदारजींना विचारलं की आमचे साडभाऊ तिकडे कोणती गाडी चालवत होते.

सरदारजी आधी हसले, मग माझ्या वहीकडे बघून गंभीर झाले. "मास्टरजी, इसने हमारे यहाँ स्टेअरिंग कभी नहीं पकड़ा. गाड़ी चलाते हम थे. चालू ये करता था."

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, हे मला तिथं कळलं. मग सरदारजी सांगत गेले आणि माझी वही तशीच उघडी राहिली. रात्री सगळ्या गाड्यांचं पाणी काढून ठेवायचे, नाहीतर इंजिन फुटायचं. पहाटे ड्रायव्हर लोक रजईत, दाढ्यांवर बर्फ. आणि हा स्वयंपाकघरात एकटा उठलेला. पाणी तिथं पाणी नसायचंच, बर्फच फोडून भांड्यात घालायचा आणि स्टोव्हवर वितळवत बसायचा. आधी गाड्यांचं पाणी, मग माणसांचा चहा. बादलीनं ओतलं तर अर्धं सांडतं, सांडलेलं जागच्या जागी गोठतं आणि माणूस घसरतो. म्हणून हा ओगराळ्यानं एकेका गाडीला घालत जायचा. चाळीस गाड्या. ज्या दिवशी याला ताप असे, त्या दिवशी ताफा दुपारी निघे. आणि असाच ओल्या हातांनी काम करता करता एका सकाळी उजव्या हाताची दोन बोटं गेली. म्हणजे बोटं आहेत, त्यांना काही कळत नाही. गरम की गार, काही नाही. ते कोपर बुडवून का पाहतात, ते मला दहा वर्षांनी कळलं. मी ते वर्गात नक्कल करून दाखवलं होतं.

मी वर पाहिलं तर साडभाऊ वाफाळता गंज घेऊन चार हातांवर उभे होते. किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग जीपकडे गेले, बॉनेट उघडलं आणि पाणी वाढू लागले. त्या दिवशी प्रथमच थोडं सांडलं.

परत येताना ऊन पडलं होतं, रस्ता लख्ख होता, आणि ते साठनं जीप हाकत होते. मला खरं तर हर्ष व्हायला हवा होता. तीस वर्षांची थाप उघडी पडली होती आणि ती मी पकडली होती. पण मी मनात त्यांची सगळी वाक्यं आठवून पाहत होतो, आणि एकातही 'चालवत होतो' हा शब्द सापडेना. गावानं जे ऐकलं ते गावाचं, आणि माझं. त्यांनी फक्त दुरुस्ती केली नव्हती. अल्लीपूर जवळ आलं तेव्हा ते समोर बघतच बोलले, "माह्या बापानं साऱ्या गावात सांगितलं होतं सर, का पोरगं फौजेत गेलं, बंदूक चालवते. मी तिकडे कणिक मळून राह्यलो हे कसं सांगू त्याले? सुटून आलो तं लोकायनं इचारलं. म्हटलं, गाड्या चालू करत होतो. लोकच म्हणे डायवर. बाप खुश झाला, मी चूप राह्यलो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमाले लिवा लागते ते लिवा तुम्ही. मी काई म्हणणार नाई."

मी उतरलो तो सरळ अक्काकडे गेलो. तिला कसं सांगावं या विचारात मी चुलीपाशी घुटमळत होतो, तर तीच म्हणाली, "सरदारानं सांगितलं वाटते." अक्कानं भाकरी उलटली. "मले माहीत नाई काय? माह्या भाजीत मीठ कमी आहे हे तो माणूस दारातून, वासावरून सांगते. डायवर लोकाचं नाक असं असते काय, सर?" मी विचारलं, मग तीस वर्षं बोलली का नाहीस. तर म्हणे त्यांनी कधी सांगितलं नाही, मग तो विषय मी काऊन काढू? आणि मग तिनं मला जेवायला वाढलं. त्या घरात वाढणं हा शब्द मी आयुष्यात हजारदा ऐकला असेल, त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

परिचय लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. खोटं लिहायचं नव्हतं, कारण गावासमोर तसं बोलून बसलो होतो. आणि खरं लिहायला हात उचलत नव्हता. टपरीवर रोज विचारणा, काय सर, निघालं का काही? मी म्हणे, कार्यक्रमात कळेल. साडभाऊ तर चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. सत्काराच्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून व्यासपीठावर बसले होते, कानटोपी नव्हती, दोन्ही हात मांडीखाली. फाशीची शिक्षा ऐकायला बसलेला माणूस असा बसत असेल. मी उभा राहिलो आणि वाचलं, "यांनी लडाखच्या बर्फात, पाणीसुद्धा जिथं पाणी राहत नाही अशा ठिकाणी, रोज सकाळी फौजेच्या चाळीस गाड्या चालू केल्या. यात एक शब्द वाढवलेला नाही. मी स्वतः खात्री करून घेतली आहे." आणि खाली बसलो. पोरांनी टाळ्या पिटल्या. टपरीवाले माझ्याकडे बघत राहिले.

टाळ्या थांबल्या तशी दहावीतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी, खात्री केल्याशिवाय काही मानायचं नाही, हे मीच शिकवलेलं. तिनं विचारलं की एकट्या माणसानं चाळीस गाड्या चालू कशा केल्या. मी उठायला लागलो, काहीतरी सारवासारव करावी म्हणून. पण साडभाऊ आधीच माईकपाशी गेले होते. त्यांनी मांडीखालून काढलेला उजवा हात माईकला लावला, मोजा नव्हता त्यावर. घसा खाकरला. ते म्हणाले, "वाढून, बेटा. गरम पाणी वाढून." सगळं सभागृह हसलं. डायवर साहेबांचं ते जीपला पाणी वाढणं गावाला पाठच होतं. कोणाला वाटलं विनोद केला, कोणाला वाटलं म्हातारा घाबरला. ते स्वतःही हसले. मी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

त्यानंतर वर्ष झालं. गाव त्यांना अजून डायवरच म्हणतं आणि वायपरवर अजून नातवाचे मोजे वाळतात. एवढ्यानं माझं त्यांच्याबद्दलचं मत काही फार बदललेलं नाही. नऊ अंशाला पाणी गोठत नाही, हँडब्रेक ओढायलाच हवा, आणि त्या गोरसीच्या प्रकाराबद्दल तर त्यांच्यावर खटलाच भरायला हवा होता. यंदा मात्र त्यांचं सकाळचं उठणं जरा उशिरा होतं. गंज आता दोघांना उचलावा लागतो, दुसरी बाजू अक्का धरते. परवा पहिली कडक थंडी पडली. मी शाळेला निघायला मोटारीची किल्ली घेऊन बाहेर आलो तर दारात दोघं उभे, मधे वाफाळता गंज. साडभाऊंनी कोपर पुसलं आणि दरवर्षीसारखंच, मी नाही म्हणणार हे धरून, विचारलं, "सर, दोन ओगराळे वाढू काय?"

मी बॉनेट उघडलं.